सोलरच्या गरम पाण्याच्या पाइपांना इन्सुलेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गच्चीवर सोलर असलेल्या घरांत थंडी पडली की एक तक्रार हमखास ऐकू येते. टाकीत पाणी कढत आहे, बाथरूमच्या नळाला मात्र गार येतंय. मग शेजारचं कोणीतरी सांगतं, "पाइपांना इन्सुलेशन करून घ्या, सगळं ठीक होईल." इन्सुलेशन म्हणजे पाइपावर चढवायचं रबराचं किंवा फोमचं आवरण. काही गोष्टी त्याने खरंच ठीक होतात आणि काही होत नाहीत. कोणत्या होतात नि कोणत्या नाहीत, हे आधी नीट कळलं तर पैसे योग्य जागी लागतात. म्हणून लोक नेहमी विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातली घरं, इथली हवा आणि इथलं प्लंबिंग डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

इन्सुलेशन केल्यावर सकाळी नळ उघडताच गरम पाणी येईल का?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे, आणि काम करणारे लोकही तो दूर करत नाहीत. इन्सुलेशन पाणी गरम करत नाही. पाइपात असलेली उष्णता बाहेर जायला वेळ लावतं, एवढंच त्याचं काम. रात्री १० वाजता शेवटचा नळ बंद झाला आणि सकाळी ६ वाजता पहिला उघडला, तर मधल्या ८ तासांत पाइपातलं पाणी गार होणारच. रबर कितीही जाड घातलं तरी होणार, कारण पाइपात पाणीच थोडं असतं. टाकीत २०० लिटर पाणी एकत्र असतं म्हणून ते रात्रभर तग धरतं. पाऊण इंची पाइपाच्या एका मीटरमध्ये जेमतेम पाव लिटर पाणी मावतं. पातेलंभर वरण आणि वाटीतलं वरण एकाच वेळी ओट्यावर ठेवलं तर आधी कोणतं गार होतं, तसंच हे.

मग इन्सुलेशनचा उपयोग तरी काय?

खरा उपयोग एका आंघोळीपासून दुसऱ्या आंघोळीपर्यंतच्या वेळात होतो. आधी ढोबळ हिशेब बघा. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा) पाइप, आत ५५ अंशांचं पाणी, बाहेर १५ अंशांची हवा, गच्चीवर असतो तेवढा वारा. उघड्या पाइपातलं पाणी ४० अंशांवर, म्हणजे आंघोळीला जेमतेम पुरेल इतकं यायला साधारण १२ मिनिटं लागतात. त्याच पाइपावर १३ मिलिमीटर जाडीचं रबर चढवलं की तेवढंच गार व्हायला ४० मिनिटांच्या आसपास लागतात.

आता घरातली सकाळ आठवा. साडेसहाला आजोबा, सातला मुलं, सव्वासातला तुम्ही. उघड्या पाइपात दर वेळी नव्याने गार पाणी सोडून द्यावं लागतं. रबर घातलेल्या पाइपात पहिल्या माणसानंतर रांगेतल्या सगळ्यांना नळ उघडल्याबरोबर ऊन पाणी मिळतं. हा फरक घरातल्या प्रत्येकाला जाणवतो.

दुसरा उपयोग प्रेशर कमी असलेल्या घरांना होतो. पाणी जोरात वाहत असेल, मिनिटाला ६ लिटर, तर २० मीटर उघड्या पाइपातून जाताना ते दीड-दोन अंशच उतरतं, आणि तेवढं अंगाला कळतही नाही. पण टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर उंची कमी पडते, धार बारीक येते आणि मिनिटाला २ लिटर पाणी मिळणंही मुश्कील होतं. मग तेच पाणी वाटेत जास्त वेळ रेंगाळतं आणि ५ अंशांपर्यंत उतरतं. टाकीखालचा मजला सर्वात जवळ असूनही तिथे कधी कधी कोमट पाणी येतं, त्याचं एक कारण हे.

सकाळचं ते पहिलं गार पाणी वाया जातं, त्याचं काय करावं?

बादलीने आंघोळ करणाऱ्यांचं पाणी वाया जायचं काहीच कारण नाही. सोलरचं पाणी ६० अंशांचं असेल तर ते थेट अंगावर घेता येत नाही, विसण घालावंच लागतं. २० लिटरची बादली ४० अंशांवर आणायची असेल आणि गार पाणी २० अंशांचं असेल तर हिशेब अर्धा-अर्धा येतो, १० लिटर कढत आणि १० लिटर गार. म्हणजे गरम पाण्याच्या नळातून सुरुवातीला येणारं ५-७ लिटर गार पाणी हेच तुमचं विसण. ते बादलीतच घ्या. मग कढत येऊ द्या, आणि शेवटी कमी पडलं तरच थंड नळ उघडा. आपल्या आज्या बंबातलं पाणी काढताना आधी बादलीत विसण घेऊन ठेवायच्या आणि मग वर कढत ओतायच्या, तोच क्रम.

शॉवरवाल्यांना हा मार्ग नाही. त्यांनी शॉवरखाली बादली ठेवून पहिलं पाणी धरावं. ते फरशीला, भांड्यांना, कुंड्यांना सहज चालतं.

किती पाणी जातं ते आपलं आपण काढता येतं. सीपीव्हीसीच्या एका मीटरमध्ये मावणारं पाणी असं: अर्ध्या इंचीत सुमारे १२० मिलिलिटर, पाऊण इंचीत २६०, एक इंचीत ४३०. टाकीपासून बाथरूमपर्यंत एक इंची पाइप २५ मीटर असेल तर पावणेअकरा लिटर झाले. एका घराचं रोज १० लिटर धरलं तर ४० घरांच्या सोसायटीत दिवसाला ४०० लिटर आणि वर्षाला जवळजवळ दीड लाख लिटर होतं. १०,००० लिटरच्या टँकरने मोजायचं तर १४-१५ टँकर. उन्हाळ्यात ज्या सोसायटीच्या दारात टँकर उभा असतो तिने हा हिशेब मीटिंगमध्ये जरूर मांडावा.

म्हणूनच नवीन काम करताना पाइप गरजेपेक्षा जाड घेऊ नका. "एक इंची टाका, पाणी भरपूर येईल" असं सांगणारे बरेच भेटतात. एका बाथरूमला जाणाऱ्या फाट्याला अर्धा इंची पुरतो, आणि त्यातलं गार पाणी लवकर निघून जातं.

सगळ्या लाइनला इन्सुलेशन करायचं की थोड्या भागाला?

पैसे मोजके असतील तर कामाला क्रम लावा.

पॅनेलवाला, म्हणजे सपाट काचेच्या कलेक्टरचा सोलर असेल, तर कलेक्टर (उन्हात पाणी तापवणारा भाग) आणि टाकी यांना जोडणारे पाइप सर्वांत आधी. पाणी तापून हलकं होतं, आपोआप वर टाकीत चढतं, आणि हे चक्र दिवसभर चालू असतं. म्हणजे तो पाइप रोज ५-६ तास सर्वांत कढत असतो. ३ मीटर पाइप उघडा आणि वर वारा असेल तर दिवसाकाठी अर्धा-पाऊण युनिट उष्णता तिथेच उडून जाते. १०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला लागतात साधारण ४ युनिट. यावरून त्या ३ मीटरचं महत्त्व लक्षात येईल. काचेच्या नळ्या थेट टाकीत घुसवलेल्या सोलरला हे पाइप नसतात, त्यामुळे त्यांचा हा खर्च वाचतो.

त्यानंतर टाकीच्या गरम पाण्याच्या तोंडाचे पहिले २-३ मीटर. नळ बंद असतानाही टाकीतली उष्णता या पाइपातून हळूहळू बाहेर झिरपत राहते. हा पाइप टाकीतून निघून वर चढवलेला असेल तर जास्तच, कारण ऊन पाणी आपोआप वर सरकतं, गार होऊन परत येतं आणि रात्रभर हेच चालतं. शक्य असेल तिथे लाइन टाकीतून निघताच खाली वळवून घ्यावी.

मग गच्चीवरची उघडी लाइन, मग डक्टमधली, म्हणजे पाइप खाली नेणाऱ्या इमारतीच्या उभ्या पोकळीतली. गार पाणी टाकीत आणणाऱ्या पाइपाला गरज नाही. फक्त टाकीलगतचा हातभर तुकडा गुंडाळला तर बरं.

कोणतं मटेरियल घ्यावं?

घरच्या कामाला बहुतेक वेळा काळं नायट्राइल रबर योग्य. स्प्लिट एसीच्या तांब्याच्या नळीवर जो काळा मऊ पाइप दिसतो, तोच. तो बंद कप्प्यांचा असतो, म्हणजे आतले हवेचे बुडबुडे एकमेकांना जोडलेले नसतात, त्यामुळे पाणी सहसा शिरत नाही. साधारण १०५ अंशांपर्यंत टिकतो.

पांढरा किंवा करडा ईपीई फोम स्वस्त मिळतो. नवीन फ्रीजच्या खोक्यात जो फोम येतो त्याच जातीचा. भिंतीतल्या लाइनला ठीक आहे. पण गावाला गेल्यावर सोलर आठवडाभर वापरला नाही तर टाकीतलं पाणी खूप तापतं. अशा वेळी टाकीजवळचा ईपीई आक्रसतो आणि जोड उघडे पडतात. टाकीच्या आणि कलेक्टरच्या जवळ तो वापरू नका.

ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, उष्णतेला उत्तम, पण पावसाला अजिबात नाही. एकदा भिजलं की ते ओल्या गोधडीसारखं होतं, उष्णता अडवायचं सोडून देतं आणि महिनोन्‌महिने वाळत नाही. आत जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप असेल तर तो गुपचूप गंजत राहतो. वरून पत्र्याचं पक्कं आवरण करणार असाल तरच त्याचा विचार करा. कोकणात मात्र त्याच्या वाटेलाच जाऊ नये.

जाडी किती हवी?

बाजारात ९, १३, १९ आणि २५ मिलिमीटर मिळतं. गच्चीवर १३ घ्या, टाकीजवळ आणि कलेक्टरच्या पाइपांना १९ घ्या, आणि पुढे जाऊ नका. वरच्याच हिशेबात १३ ला ४० मिनिटं येतात, १९ ला ५० आणि २५ ला ५७ च्या आसपास. शून्यावरून १३ वर गेलात की फरक तिपटीहून जास्त पडतो. १३ वरून २५ वर गेलात की पंधरा-सतरा मिनिटंच वाढतात. तेवढ्या पैशांत वरचं आवरण चांगलं करून घेणं केव्हाही फायद्याचं.

दुकानात माप कसं सांगायचं?

इथे पुष्कळ जण फसतात. "पाऊण इंचीचं द्या" म्हटलं की दुकानदार कोणतंही देऊ शकतो, कारण पाऊण इंची जीआय आणि पाऊण इंची सीपीव्हीसी बाहेरून सारखे नसतात. सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर, जीआयचा जवळजवळ २७. रबराचं माप बाहेरच्या व्यासावर ठरतं.

सीपीव्हीसी अर्धा इंची १६, पाऊण २२, एक इंची २८ ते २९ मिलिमीटर. जीआय अर्धा इंची २१, पाऊण २७, एक इंची ३४. रबर साधारण १५, २२, २८, ३५ अशा आतल्या मापांत येतं. म्हणजे अर्धा इंची जीआयला २२ चं, पाऊण इंची जीआयला २८ चं. खात्री नसेल तर पाइपाभोवती दोरा गुंडाळा, त्याची लांबी मोजा, ३.१४ ने भागा, आणि ते मिलिमीटर सांगा. सैल रबर घेऊ नका. पाइप आणि रबर यांच्यामध्ये फट राहिली की त्यात हवा खेळते आणि पावसाळ्यात पाणी साचतं.

रबराच्या वर आणखी आवरण लागतंच का?

लागतंच, आणि ते पहिल्याच दिवशी करून घ्या. आमच्या साताऱ्याच्या घरी आम्ही हे शिकलो. सोलर बसवणाऱ्या माणसाने पांढरा फोम गुंडाळला, दर हातभर अंतरावर खाकी चिकटपट्टी मारली आणि काम झालं म्हणून सांगितलं. पहिला पावसाळा नीट गेला. दुसऱ्या मे महिन्यात पापड वाळत घालायला गच्चीवर गेले, तेव्हा पाइपाला टेकून ताट ठेवलं आणि फोमचा तुकडा हातातच आला. अंगठ्याने दाबला तर भुगा झाला, तळव्यावर पांढरी पूड. सूर्याकडची बाजू पूर्ण पिवळी पडून फाटली होती. सावलीकडची बाजू अजून मऊ होती, आणि तिथला फोम ओढून काढून खारीने टाकीच्या स्टँडखाली घर केलं होतं. दोन वर्षांत पैसे पुन्हा खर्च झाले.

रबर असो वा फोम, अतिनील किरणांपुढे दोन्ही हार मानतात. रबर थोडं उशिरा मानतं, त्याला आधी बारीक भेगा पडतात. उपाय तीन. ॲल्युमिनियमचा थर चिकटवलेलं रबरच घ्यायचं, किंवा वरून ॲल्युमिनियम फॉइलची टेप अर्धी-अर्धी चढवत गुंडाळायची, किंवा पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं आवरण करायचं. पहिले दोन स्वस्त आहेत, पण कावळे चोचीने फॉइल फाडतात. माथेरान, महाबळेश्वर किंवा कोकणात, जिथे माकडं गच्चीवर येतात तिथे पत्राच करावा. दिवाळीत जळकं रॉकेट गच्चीवर पडतं, तेव्हाही पत्रा कामी येतो.

घरच्या चिकटपट्ट्या, पार्सलची टेप, सुतळी यांनी बांधलेलं काही टिकत नाही.

हे काम घरच्या घरी करता येईल का?

येतं. गच्चीवरची सरळ लाइन असेल तर दोघांचं एका सकाळचं काम आहे. कात्री, धारदार कटर, रबराचं ॲडहेसिव, फॉइल टेप आणि मोजपट्टी एवढं पुरतं.

आधी लाइन तपासा. प्रत्येक एल्बो, टी आणि युनियनवर, म्हणजे पाइपाच्या प्रत्येक वळणावर नि जोडावर कोरडा कागद फिरवा. कुठे ओल दिसली तर ती आधी दुरुस्त करा. गळक्या जोडावर रबर चढवलं की गळती दिसायची बंद होते, थांबत मात्र नाही. मग पाइप फडक्याने पुसून पूर्ण कोरडा होऊ द्या. काम सकाळी लवकर करा. दुपारी पाइप तापलेला असतो, ॲडहेसिव नीट बसत नाही आणि हातही भाजतात.

रबराच्या नळ्या साधारण ६ फुटांच्या येतात. जोडणी झालेल्या लाइनवर त्या सरकवता येत नाहीत, म्हणून लांबीत एक सरळ चीर देऊन पाइपावर चढवायच्या. चिरेच्या दोन्ही कडांना ॲडहेसिवचा पातळ हात द्या, काही मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की दोन्ही कडा एकमेकांवर दाबा. घाई करून ओलं असतानाच दाबलं तर दुसऱ्या दिवशी चीर उघडलेली दिसते. चीर नेहमी खालच्या बाजूला येऊ द्या, म्हणजे पाऊस आत शिरत नाही.

सीपीव्हीसी असेल तर ॲडहेसिव पाइपाला लागू देऊ नका, ते फक्त रबराच्या कडांवर. काही द्रावकांनी आणि मऊ पीव्हीसीच्या टेपमधल्या तेलकट घटकांनी सीपीव्हीसी हळूहळू ठिसूळ होतो. त्यामुळे विजेच्या वायरची काळी-लाल टेप थेट पाइपावर गुंडाळणं टाळा.

खरं कौशल्य वळणावर दिसतं. एल्बोवर रबर नुसतं वाकवलं तर आतल्या बाजूला चुण्या पडतात आणि बाहेरची बाजू ताणून पातळ होते. दोन तुकडे ४५ अंशांत तिरके कापून काटकोनात चिकटवा, चित्राच्या चौकटीचा कोपरा जोडतात तसे. व्हॉल्वचा दांडा मोकळा ठेवा. क्लॅम्पच्या जागी रबर तोडू नका. ते सलग जाऊ द्या आणि मोठा क्लॅम्प रबराच्या वरून लावा, नाहीतर प्रत्येक क्लॅम्पपाशी उष्णता बाहेर जायला वाट मिळते.

गच्चीवर जुना पीव्हीसी पाइप आहे, त्यालाच इन्सुलेशन केलं तर चालेल?

नाही. गार पाण्याचा पांढरा यूपीव्हीसी पाइप गरम पाण्यासाठी नाहीच. ६० अंशांच्या आसपास तो मऊ पडू लागतो, वाकतो, आणि जोड सुटतात. रबर चढवलं तर तो जास्त वेळ कढत राहील, म्हणजे लवकरच जाईल. आधी पाइप बदला. सीपीव्हीसी घेताना त्यावर आयएस १५७७८ छापलेलं आहे का ते बघा, आणि गरम पाण्यासाठीचाच मागा.

सीपीव्हीसी तापला की लांबतो, हेही लक्षात असू द्या. १० मीटर सरळ लाइन ४० अंशांनी तापली तर जवळजवळ अडीच सेंटिमीटर वाढते. दोन्ही टोकं घट्ट आवळली तर पाइप कमानीसारखा उचलला जातो आणि रबराचे जोड उकलतात. लांब लाइनला मध्ये एखादं वळण आणि थोडे सैल क्लॅम्प हवेतच.

भिंतीतल्या लाइनचं काय?

घर बांधताना किंवा बाथरूम नवं करताना करून घ्या, नंतर करता येत नाही. ९ मिलिमीटरचं आवरण पुरे होतं. त्यामुळे भिंत उष्णता ओढून घेत नाही आणि पाइपाला लांबायला जागा मिळते. भिंतीतली खाच मात्र तेवढी खोल मारून घ्यावी लागते. प्लास्टरचा थर पातळ राहिला तर टाइलमागे भेग जाते.

टाकीवर उभा असलेला उघड्या तोंडाचा पाइप झाकायचा का?

त्याचं तोंड कधीही बंद करू नका. तो हवेचा पाइप आहे. टाकीत वाफ झाली तर ती तिथून बाहेर पडते, आणि टाकी रिकामी होताना हवा तिथूनच आत येते. तो बंद झाला तर टाकी फुगू शकते किंवा आत चेपू शकते. कचरा, पक्षी आत जाऊ नयेत म्हणून तोंड खाली वळवून जाळी लावा.

इन्सुलेशन करूनही पाणी कोमटच येतं. चूक कुठे असेल?

बऱ्याचदा पाइपाचा यात काही दोष नसतो. गरम आणि गार पाणी कुठेतरी एकमेकांत मिसळत असतं. बाथरूममधल्या मिक्सरचे, म्हणजे गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या नळाचे, दोन्ही नळ उघडे आणि पुढचा हँडशॉवर त्याच्या तोंडाशी बंद, अशी स्थिती असली की जास्त प्रेशरचं गार पाणी मिक्सरमधून उलटं गरम लाइनमध्ये घुसतं. एका बाथरूममधल्या अशा मिक्सरमुळे त्या लाइनवरच्या इतर घरांनाही कोमट पाणी येतं. पाण्याच्या भांडणांतली कितीतरी भांडणं इथून सुरू होतात, आणि ज्याच्या घरात तो मिक्सर असतो त्याला पत्ताही नसतो.

तपासायची रीत सोपी आहे. सोलरच्या टाकीत गार पाणी सोडणारा व्हॉल्व बंद करा आणि खाली गरम पाण्याचा नळ उघडा. पाइपात आणि टाकीच्या वरच्या भागात असेल तेवढं पाणी येऊन धार थांबायला हवी. थांबलीच नाही, तर गार पाणी दुसरीकडून येतंय. मग एकेका घरातला मिक्सर बंद करत जा, ज्याने धार थांबेल तो सापडला. त्या फाट्यावर नॉन रिटर्न व्हॉल्व, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व, बसवला की काम होतं.

धार थांबत असेल तर कलेक्टरकडे वळा. काचेवर धूळ, एखादी फुटलेली नळी, झाडाची किंवा नव्या इमारतीची सावली, आणि बोअरच्या जड पाण्याने आत बसलेला क्षार. इन्सुलेशनवर खर्च करायच्या आधी दुपारी ३ वाजता टाकीच्या अगदी जवळच्या नळाला पाणी किती कढत आहे ते बघा. तिथेच कोमट असेल तर पाइप गुंडाळून काही होणार नाही.

आमच्या इमारतीत रिटर्न लाइन आणि पंप आहे. त्यांना वेगळं काही?

हो, जास्त काळजी हवी. रिटर्न लाइनमध्ये गरम पाणी फिरतं ठेवलेलं असतं, म्हणून प्रत्येक घरात लगेच ऊन पाणी मिळतं. पण तीच लाइन उघडी असेल तर पंप टाकीतली उष्णता घेऊन इमारतभर उधळत फिरतो. जाणारी आणि परतणारी, दोन्ही लाइन १९ मिलिमीटरने पूर्ण झाकलेल्या हव्यात. पंपाला टायमर लावा. पहाटे ५ ते ९ पुरेसं होतं, रात्रभर पंप चालवला तर सकाळी टाकीच कोमट मिळते.

मे महिन्यात गार पाण्याच्या नळालाही चटका बसतो. त्या पाइपांना हेच रबर चालेल?

नागपूर, अकोला, जळगावकडून हा प्रश्न फार येतो. रबराने थोडा उशीर होतो, पण ऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत असतं, आणि उघडं काळं रबर उलट जास्त तापतं. इथे ऊन अडवणं महत्त्वाचं. पाइपाला पांढरा रंग द्या किंवा चकचकीत ॲल्युमिनियमचं आवरण करा. कठड्याच्या सावलीतून लाइन न्या. टाकीवर शेड घाला, कारण टाकीतलंच पाणी तापलेलं असेल तर पाइप गुंडाळून काय होणार? कोणतं पाणी तापलंय हे ओळखायचं असेल तर नळ दोन मिनिटं चालू ठेवा. चटका कमी झाला तर पाइपाचा प्रश्न आहे, तसाच राहिला तर टाकीचा. ते पाणी बादलीत धरून ठेवा, तासाभरात निवतं.

गोणपाट गुंडाळलं तर?

कोरड्या हिवाळ्यात थोडा उपयोग होतो. भिजलं की उलट होतं. माठाला ओलं फडकं गुंडाळून आपण पाणी गार करतो, तेच ओलं गोणपाट गरम पाइपाला करतं. गार लाइनला मात्र उन्हाळ्यात ते चालेल, ओलं ठेवता आलं तर.

बाथरूममधल्या गीझरच्या पाइपाला करावं का?

गीझर नळाच्या डोक्यावरच असेल तर नको. एका गीझरवरून स्वयंपाकघरापर्यंत ८-१० मीटर लाइन नेली असेल तर उपयोग आहे. १ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला ०.०३५ युनिट वीज लागते, त्यामुळे पाइपात राहून गार झालेलं पाणी तिथे थेट बिलात दिसतं.

मुलगी न्यू जर्सीला आहे, तिच्याकडे पाइप गोठतात म्हणे. तिथेही हेच करायचं?

साहित्य तेच, भीती वेगळी. पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. बर्फाचा बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि पाइप फुटतो. बाहेर उणे ६-७ अंशांच्या खाली गेलं की बाहेरच्या भिंतीतले, तळघरातले, गराजमधले पाइप धोक्यात येतात. इन्सुलेशनमुळे गोठायला उशीर होतो. थंडी दोन-तीन दिवस टिकली आणि पाणी वाहतं नसेल तर तेवढ्यावर भागत नाही. म्हणून कडाक्याच्या रात्री नळ बारीक धारेने चालू ठेवतात, सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवतात म्हणजे घरातली ऊब आत जाते, आणि बागेचा नळ थंडीआधीच आतून बंद करून रिकामा करतात. सुट्टीत भारतात येताना घरातलं हीटिंग पूर्ण बंद करून येऊ नये, हे तिला आवर्जून सांगा. मुख्य व्हॉल्व कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याचे फोटो हिवाळ्यात येतात, पण पाइप फुटण्याइतकी थंडी तिथे पडत नाही.

एकदा केलं की किती वर्षं बघायला नको?

वर्षातून दोनदा बघा. पावसाळ्याआधी, मे अखेरीस, खालच्या चिरा आणि फॉइलचे जोड तपासा आणि सुटलेले पुन्हा चिकटवा. दिवाळीनंतर, सोलरची खरी गरज सुरू व्हायच्या आधी, पूर्ण लाइनवरून दुपारी हात फिरवा. आवरण ज्या जागी बाकीच्यापेक्षा गरम लागेल, तिथे आतलं रबर ओलं झालेलं आहे किंवा सरकलेलं आहे. तेवढाच तुकडा कापून काढा, पाइप वाळू द्या आणि नवा बसवा. सगळी लाइन बदलायची वेळ सहसा येत नाही.